रकाना सतरा

२ जानेवारी १९९७, गुरुवार
ही डायरी खताच्या कंपनीची असून १९९५ सालची आहे. अध्यक्ष आप्पारावांनी दिली. आजच्या पानावर सोमवार छापलेला होता, तो खोडून गुरुवार केला. पुढचेही वार दुरुस्त करत गेलो आणि पाडव्यापाशी थांबलो, कारण पाडव्यानंतरचे काही नक्की नाही.

आज ‘बालाघाट विभागीय व्यापारी लवाद व समेट केंद्र, नेकनूर’ येथे कार्यवाह म्हणून रुजू झालो. माझे शिक्षण नववी नापास. तरी नेमणूक झाली, याचे कारण असे की व्यापारी मंडळाच्या एका जाहीर पत्रकात शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या. त्या मी धारूरहून पोस्टकार्डावर कळवल्या होत्या. मंडळाचे अध्यक्ष आप्पाराव म्हणाले, “असाच माणूस पायजे. दुसऱ्याची चूक दिसली की ज्याला झोप येत न्हाई.”

आप्पाराव औरंगाबादला एका सभेला गेले होते. तिथे एका वकिलाने सांगितले की लवादाचा नवा कायदा आलेला आहे, बाजार खुला झाला आहे, आता बाहेरच्या कंपन्या येणार आणि व्यापाऱ्यांची भांडणे वाढणार. त्यामुळे आप्पारावांनी ती वाढण्याआधीच केंद्र काढले.

खोली माझ्या वैजिनाथमामांची आहे. शेजारीच त्यांचे सरकी-पेंडीचे दुकान आहे. खोलीतही कालपर्यंत पेंडच होती. वासाने शेळ्या येतात. मामांनी खोली पाडव्यापर्यंत फुकट दिली आहे. तोवर शिक्का मारलेला एक तरी निवाडा झाला तर केंद्र राहील, नाहीतर पेंड परत येईल. आणि मामांच्या मुलीचे, शिवकन्येचे, माझ्याशी लग्नाचे जे बोलणे चालले आहे, तेही त्यावरच आहे. मामा म्हणाले, “पेंडीच्या गोदामात बसणाऱ्याला पोरगी द्यायला मी काय येडा हाय का? कचेरीत बसणाऱ्याला देईन.” खोली तीच आहे, हे मी बोललो नाही.

६ जानेवारी
नियमावली लिहिली. नियम ९ : कार्यवाहाने कोणत्याही प्रकरणात स्वतःचे मत देऊ नये. हा नियम मीच घातला, कारण मत चुकले तर काय, ही भीती.

अर्जाचा नमुनाही केला. रकाने चोवीस. रकाना १६ : ‘विरुद्ध पक्षाने आजवर दिलेला त्रास’. त्याच्याखाली चार बोटे जागा उरली. कोरी जागा ठेवली तर मागाहून कोणी त्यात काहीही भरेल. म्हणून तिथे रकाना १७ घातला : ‘विरुद्ध पक्षाने आजवर केलेली मदत (तारीख, वार व साक्षीदारासह)’. आता पान भरलेले दिसते. बीडहून शंभर प्रती सायक्लोस्टाईल करून आणल्या.

१३ जानेवारी
पहिला अर्ज. अक्षर बिघडू दिले नाही.

अर्जदार चाँद, मोटारसायकलचा मिस्त्री. विरुद्ध पक्ष अमरनाथ, शेजारचा एसटीडी बूथवाला. अमरनाथचे म्हणणे, चाँदच्या हातोड्याने गिऱ्हाइकाला फोनवरचे ऐकू येत नाही. चाँदचे म्हणणे, अमरनाथची गिऱ्हाइके एवढी ओरडतात की त्यांना फोनची गरजच नाही, पुण्याला तसेच ऐकू जाईल.

रकाना १६ पर्यंत गाडी चांगली चालली. मी १७ वाचून दाखवला. चाँदने विचारले,

“हे लिवावंच लागतंय का?”

“लागते. रकाना रिकामा सोडता येत नाही.”

“बायको जिनत दवाखान्यात होती तवा ह्यानं बीडला तासभर लाईन धरून ठेवलती. पैसे घेतले न्हाईत,” तो म्हणाला. “माझी पोरगी झाली ते मला ह्याच्याच फोनवर कळलं.”

“तारीख?”

“पोरीची सालगिरह तर जिनतच ध्यानात ठेवती. थांबा, अमरनाथला विचारून येतो.”

तो गेला तो परत आला नाही. पाच वाजेपर्यंत पेनाचे टोपण उघडे ठेवून बसलो. मग बाहेर पाहिले तर दोघे बूथच्या पायरीवर बसून चहा पीत होते. नोंद केली : ‘अर्ज अपूर्ण. अर्जदार तारीख विचारण्यास गेला.’

१६ जानेवारी
अमरनाथच्या बूथवर आता कोणी फोनला आले की बाहेर एक लाल फडके लटकते. फडके असेपर्यंत चाँद हातोडा खाली ठेवून बिडी ओढतो. फडके कशाचे असावे? चाँदला अर्जाची आठवण केली, तर तो म्हणाला, “कसला अर्ज?” लोकांना कागदाचे गांभीर्य नाही.

२५ जानेवारी
अर्ज दोन आणि तीन. दोन्ही रकाना १७ पाशी अडले. पहिला अर्जदार “आलोच” म्हणून गेला. दुसरा डोळे पुसत गेला. त्याला पेंडीच्या धुळीने त्रास झाला असावा. खोली झाडून घेतली.

४ फेब्रुवारी
शेळी आली. अर्ज क्रमांक ४ चा खालचा कोपरा खाल्ला. खाल्लेला मजकूर आठवून नक्कल केली व ‘शेळीमुळे’ असा शेरा मारला. अर्जदार नंतर आलाच नाही.

११ फेब्रुवारी
अध्यक्षांनी नोंदवही मागितली. अर्ज नऊ, निवाडे शून्य. अपूर्ण वा मागे घेतलेले, नऊ.

“बसवेश, लोकं पळून कावून चाललेत?”

“सतराव्या रकान्यापाशी जातात साहेब. का ते कळत नाही. मी सगळ्यांना सारखेच विचारतो.”

“लई लांबलचक हाय तुझा कागद. गाभण म्हैस बी एवढा टाईम घेत न्हाई.” आप्पारावांचे निम्मे आयुष्य जनावरांच्या दलालीत गेले आहे.

इतक्यात वैजिनाथमामा टेप घेऊन आले आणि आमच्याकडे न बघता खोलीची लांबी मोजून गेले. जाताना कोपऱ्यात पेंडीचे एक पोते ठेवले. “असू दे. बसायला होईल,” म्हणाले.

१३ फेब्रुवारी
पोती चार झाली.

दुपारी शिवकन्या मामांचा डबा घेऊन आली होती. बारावी पास आहे. दारातून तिने अर्जाचा नमुना मागितला, उभ्यानेच सगळा वाचला आणि म्हणाली, “हा सतरावा कुणी घातला?”

“मी.”

“कावून?”

“जागा उरली होती.”

ती खूप वेळ हसली. डबा मामांना द्यायचा विसरून घरी घेऊन गेली. मी नमुना तीन वेळा तपासला. शुद्धलेखनाची एकही चूक सापडली नाही. मग हसली कशाला? जेवण गेले नाही. मामांना तर मिळालेच नाही.

१९ फेब्रुवारी
आणखी चार अर्ज आले, तेही सतराव्यापाशीच अडले. निर्णय घेतला. रकाना १७ काढून टाकला. उरलेल्या जागेत ‘रकाना १६ पुढे चालू’ असे छापले. बीडहून पन्नास नव्या प्रती आणल्या. जुन्या प्रती कपाटावर ठेवल्या, शेळीच्या तोंडाला येणार नाहीत अशा.

पोती सात.

२७ फेब्रुवारी
देव पावला. प्रकरण आले आणि पूर्ण भरले गेले.

बसस्टँडसमोर बंकटचे भज्यांचे हॉटेल आणि मुबीनचे फळांचे व ज्यूसचे दुकान, दोन्हींना मिळून एकच ओटा आहे. गेल्या महिन्यात थंडपेयाच्या कंपनीची गाडी आली आणि दोघांना मिळून एक फ्रीज देऊन गेली. लाल रंगाचा, काचेच्या दाराचा. नेकनुरात असा पहिलाच. तो ओट्याच्या मधोमध हद्दीवर उभा आहे. दार एकच, ते बंकटकडे उघडावे की मुबीनकडे, हा वाद. ज्याच्याकडे पाठ येते त्याच्या गिऱ्हाइकाला जाळी आणि गरम हवा.

बंकटने अर्ज अकरा मिनिटांत भरला. रकाना १६ ला तीन पुरवण्या लागल्या. कुठेही थांबला नाही, डोळे पुसले नाहीत, तारीख विचारायला गेला नाही. नव्या नमुन्याचा मला अभिमान वाटला.

मी स्वतः जागा पाहून आलो. दार रस्त्याकडे केले तर दोघांनाही उघडता येईल, असे वाटले. पण नियम ९.

८ मार्च
सुनावणी. अध्यक्ष फेटा बांधून आले होते. मी शब्दशः टिपण केले, त्यातले थोडे इथे उतरवतो.

बंकट : “फ्रीज माझ्या ओट्यावर हाय.”

मुबीन : “पाय तुझ्या ओट्यावर हायत. पोट माझ्या हद्दीत हाय. मोज ना.”

बंकट : “दार तुझ्याकडं केल्यावर मी काय मागची जाळी चाटू का बे?”

मुबीन : “चाट. तुझ्या भज्यापेक्षा साफ असंल.”

अध्यक्ष : “गप बसा. ही कचेरी हाय, बैलबाजार न्हाई.”

इथे शेळी आत आली. कामकाज पाच मिनिटे तहकूब.

मग अध्यक्षांनी निवाडा दिला : ‘सम तारखेस फ्रीजचे दार बंकटकडे व विषम तारखेस मुबीनकडे राहील. रोज सकाळी सात वाजता कार्यवाहासमक्ष फ्रीज फिरवावा.’ शिक्का मारला. शिक्क्याची शाई नवीन असल्याने आवाज छान आला.

मार्चचे दिवस एकतीस आहेत आणि एकतीस व एक या दोन्ही विषम आहेत, हे माझ्या शिक्का मारतानाच लक्षात आले. पण नियम ९.

मामांनी संध्याकाळी सातही पोती उचलली. “पाडवा झाला की लग्नाच्या याद्याचं बघू,” म्हणाले. घरी धारूरला पत्र टाकले. आईला वाचून दाखवणारा शेजारी अडखळतो, म्हणून अक्षर मोठे काढले.

१३ मार्च
रोज सातला फ्रीज फिरवतो, म्हणजे बंकटची आणि मुबीनची माणसे फिरवतात आणि मी नोंद करतो. फुटलेल्या बाटल्या आजवर सहा. चाँद मिस्त्रीला दया आली, त्याने फ्रीजखाली लोखंडी चौकट करून चार चाके बसवून दिली. आता एका हाताने फिरतो.

निवाडा झाल्याचे गावभर झाले. नवा नमुना भराभर भरतो म्हणून लोक खूश आहेत. पाच दिवसांत अर्ज चौदा. एकाने तर स्वतःच्या साडूवर तीन केले.

२२ मार्च
बंकटच्या हॉटेलात बसणारे मुबीनची केळी घेत नाहीत. मुबीनकडे ज्यूस पिणारे बंकटच्या भज्यांना नाक मुरडतात. मुबीनची बायको जरीना बंकटच्या घरी दरवर्षी ईदचा शिरखुर्मा पाठवत असे. यंदा पाठवला नाही, असे बंकटची बायको मुक्ताबाई मला वाटेत अडवून म्हणाली. मी म्हणालो, त्याबद्दल स्वतंत्र अर्ज करावा लागेल. तिने माझ्याकडे असे पाहिले की मी रस्ता बदलला.

नवे नमुने संपले. चौदा अर्जांना गेले, बाकीचे बंकटने पाठकोरे म्हणून भजी बांधायला नेले.

१ एप्रिल
जे व्हायचे ते झाले.

काल ३१ तारीख, दार मुबीनकडे. आज १ तारीख, तीही विषम. बंकट सातला येऊन म्हणाला, “आज माझी पाळी.” मुबीन म्हणाला, “निवाडा वाच. विषम.” बंकट म्हणाला, “काल बी विषम, आज बी विषम. तुझ्या घरी सम येतच न्हाई का?” मग एकाने इकडून ओढला, दुसऱ्याने तिकडून. मी निवाड्याची प्रत वर धरून दोघांना दाखवत होतो.

चाके चाँदने फार चांगली बसवली होती. फ्रीज ओट्यावरच्या उतरत्या फळीवरून रस्त्यावर आला आणि बाजाराच्या उतारावर स्वतःच चालू लागला. वायर मागून फरपटत होती. अमरनाथने बूथवर लाल फडके लावले, पण फ्रीज थांबला नाही. तो थेट वैजिनाथमामांच्या दुकानात शिरला आणि पेंडीच्या पोत्यांवर टेकला. काच सुद्धा फुटली नाही. फक्त दार उघडून बाटल्या पेंडीत सांडल्या. गावातल्या सगळ्या शेळ्या हजर झाल्या. गोड पेंड त्यांनी पहिल्यांदाच खाल्ली असावी.

३ एप्रिल
मामा कचेरीत आले. बसले नाहीत. “अर्ज लिव. केंद्र बंद करायचं. विरुद्ध पक्ष एक आप्पाराव, दोन तू. अन् याद्या रद्द.”

अर्ज घेणे हे कर्तव्य आहे. नवे नमुने नव्हते, म्हणून कपाटावरचा जुना काढला. स्वतःविरुद्धचा अर्ज स्वतः भरताना अक्षर हलू नये म्हणून मनगट टेबलाला टेकवून लिहिले. रकाना १६ मध्ये मामांनी फ्रीज, शेळ्या, बाटल्या, माझी पाटी त्यांची पाटी झाकते, सगळे सांगितले. मी सगळे लिहिले. एका ठिकाणी त्यांना शब्द सुचेना, तो मी सुचवला.

मग १७ आला. मी वाचला.

मामा उभेच होते. आता पोत्यावर बसायला गेले. पोते नव्हते, तेव्हा खुर्चीवर बसले.

“हे सोड.”

“सोडता येत नाही मामा.”

मग मामा म्हणाले, “आमची वरात लिंबागणेशला निघालती. घोडं बिचकलं अन् मला घेऊन पळालं. आप्प्यानं सायकलवर पाठलाग करून धरलं. न्हाईतर मी थेट पाटोद्याला गेलो असतो.”

“तारीख?”

मामा उठून दारात गेले. “आप्प्या. ए आप्प्या. त्या घोड्याची तारीख काय होती बे?”

आप्पाराव समोरच्या दुकानातून आले. “घोडं कुठं, घोडी व्हती. पांढरी.”

“तांबडी.”

“पांढरी. माझ्या सायकलचं हँडल तिनं चावलंय, मला ठावं न्हाई?”

अर्धा तास घोडीच्या रंगावर गेला. मधेच मामा म्हणाले, “अन् दोन नंबरच्या पक्षाचं लिव : रोज माझ्या बी दुकानातल्या शेळ्या हाकलतो. पाटीवर ‘सरकि’ होतं ते शिडी लावून ‘सरकी’ केलं. सांगितलं नसताना.” मी तारीख घातली, १९ जानेवारी, रविवार. ती मला पाठ होती.

मग दोघे चहाला गेले. अर्जावर सही करायची राहिली. नोंद केली : ‘अपूर्ण.’

५ एप्रिल
बंकट आणि मुबीन एकत्र आले. निवाडा रद्द करून मागतात. जुना नमुना दिला. मला वाटले निदान हा तरी पूर्ण होईल. १७ व्यापाशी बंकट बोलू लागला की पोरीच्या लग्नात ऐन वेळी बर्फ संपला, तेव्हा मुबीनने ज्यूसचा धंदा बंद ठेवून बर्फ पाठवला. मुबीन म्हणाला, “ते लिवू नको. मी बी तुझ्या कढईत ईदचे समोसे तळलेत.” दोघांनी अर्ज अर्धाच सोडला.

जाता जाता मुबीन म्हणाला, “बंकटसेठ, तोंड रस्त्याकडं केलं तर?”

“मला बी तेच वाटत होतं,” बंकट म्हणाला. “आधी तू बोलशील म्हणून बोललो न्हाई.”

मला तर २७ फेब्रुवारीलाच वाटले होते. नियम ९ बद्दल पुन्हा विचार केला पाहिजे.

आपला एकुलता एक निवाडा रद्द झाला. शिक्क्यावर तिरकी रेघ मारली. राहिलेल्या चौदा अर्जांचे अर्जदारही एकेक करून जुना नमुना मागत आहेत. त्यांचेही तसेच होणार.

७ एप्रिल
नोंदवही बंद केली. एकूण अर्ज तीस. निवाडे शून्य. अपूर्ण वा मागे घेतलेले, तीस. इतके वाईट काम कोणत्या कचेरीचे झाले असेल असे वाटत नाही. किल्ली व शिक्का कागदात बांधून ठेवला. धारूरची बस सकाळी साडेदहाला आहे.

८ एप्रिल, मंगळवार, पाडवा
मामांच्या दुकानावर गुढी होती. मी किल्ली पुढे केली. मामा म्हणाले, “ठेव खिशात. पाटी राहू दे.”

“पण मामा, निवाडा एकही नाही.”

“ते मला बी दिसतंय,” ते म्हणाले आणि आप्पारावांकडे बघून हसले. आप्पाराव म्हणाले, “ह्याला सांगू नको. सांगितलं तर तो त्याचा बी नियम करंल.” काय सांगायचे नव्हते ते कळले नाही. “पेंड मी दुसरीकडं ठेवतो,” मामा म्हणाले. “हितला वास तसा बी जायचा न्हाई.”

कचेरी उघडली तर टेबलावर जुन्या नमुन्यातला एक अर्ज होता, वर गुढीच्या गाठीचे एक पदक ठेवलेले. अर्जदार : शिवकन्या वैजिनाथ. विरुद्ध पक्ष : कार्यवाह.

रकाना १६, त्रास : ‘काहीच विचारत नाहीत. फक्त तारखा विचारतात.’

रकाना १७ पूर्ण भरलेला होता. सुरुवात १३ फेब्रुवारीपासून, ज्या दिवशी ती इतकी हसली होती. पुढे बारा ओळी. प्रत्येकीला तारीख, प्रत्येकीला वार, वार बरोबर. खाली साक्षीदार म्हणून मामांची सही.

रकाना २२, मागणी : ‘अक्षयतृतीया.’

मी तो तपासला. ‘कार्यवाह’ शुद्ध होते. एकही रकाना रिकामा नव्हता. केंद्र सुरू झाल्यापासून रकाना सतरा भरून मला मिळालेला हा पहिलाच अर्ज. क्रमांक ३१ दिला आणि शिक्का मारला.

बस गेली. डायरीतले पुढचे वार दुरुस्त करायला घेतले आहेत, डिसेंबरपर्यंत. एवढेच वाटते की हे प्रकरण तरी कोणी मागे घेऊ नये.